सयाजीराव आणि सरकारच्या डोळ्यात सलणारी शाळा

सयाजीराव गायकवाड म्हटले की आम्हा आंबेडकरी कार्यकर्त्यांना बाबासाहेबांची शिष्यवृत्ती आठवते आणि बहुतेक भाषणे तिथेच संपतात. या राजाने शाळा चालवताना इंग्रजांशी किती जपून पावले टाकली, हे सहसा राहून जाते.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला. १८८१ मध्ये कारभार हाती आला आणि लवकरच अस्पृश्यांसाठी सरकारी शाळा निघाल्या. सवर्ण हिंदू मास्तर तिथे पाऊल ठेवेनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. ब्रिटिश मुलखात गोखल्यांचे तशाच धर्तीचे विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले.

इंग्रजांना खटकत होते ते वेगळेच. अरविंद घोष १९०६ पर्यंत बडोद्याच्याच नोकरीत होते. त्यांचे मित्र बॅरिस्टर केशवराव देशपांडे यांच्या पुढाकाराने चाललेल्या गंगनाथ विद्यालयात राष्ट्रीय शिक्षण दिले जाई. १९०९ मध्ये व्हाइसरॉय मिंटोंनी राजद्रोहाच्या बंदोबस्ताबद्दल संस्थानिकांना पत्रे धाडली. डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात महाराज साध्या पोशाखात गेले, एकदाच वाकले आणि बादशहाकडे पाठ करून परतले. गदारोळ उठला, गादी जाण्याची चर्चा सुरू झाली आणि महाराजांनी लेखी दिलगिरी व्यक्त केली. सरकारी रोषापुढे गंगनाथही टिकले नाही. तिथले आचार्य काकासाहेब कालेलकर १९१२ मध्ये हिमालयाच्या वाटेला लागले.

महाराजांना ही शाळा वाचवता आली नाही, की तिच्यासाठी गादी पणाला लावायची नव्हती? आम्हाला दुसरेच अधिक पटते. काहींना ती कच खाणे वाटेल, वाटो. गादी गेली असती तर कारभार रेसिडेंटच्या मुठीत गेला असता. मग अंत्यजांच्या शाळांचे काय झाले असते? गंगनाथमधली मुले दुसरीकडे शिकू शकत होती. आपल्या मुलांना दुसरी शाळा नव्हती.

आणि तिजोरीही महाराजांच्याच हाती राहिली. पाली पंडित धर्मानंद कोसंबींनी महाराष्ट्रात राहून लिहावे म्हणून त्यांना महिना ५० रुपये मिळाले ते तिथूनच. दरबारानंतर दीड वर्षाने, जून १९१३ मध्ये, तरुण भीमराव आंबेडकरांनी बडोद्यात करारावर सही केली: महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे, न्यूयॉर्क.