सात बायकांचा मोर्चा काढून तोंडी तलाकला भिडणारे हमीद दलवाई

१८ एप्रिल १९६६. मुंबईत विधानसभेवर एक मोर्चा निघाला. मोर्चात माणसं किती? फक्त सात मुस्लिम महिला. मागणी होती तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करण्याची. त्या सातजणींत मेहरुन्निसा दलवाई होत्या आणि मोर्चामागे होते त्यांचे पती, हमीद दलवाई.

दलवाईंचा जन्म २९ सप्टेंबर १९३२ चा, चिपळूणजवळच्या मिरजोळीचा. राष्ट्र सेवा दलात घडलेला हा कोकणी तरुण आधी मराठी कथाकार म्हणून नावारूपाला आला. ‘लाट’ हा कथासंग्रह आणि ‘इंधन’ ही कादंबरी त्यांचीच. पण पुढे लेखन मागे पडलं आणि समाजसुधारणा पुढे आली.

२२ मार्च १९७० रोजी पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. नावातच महात्मा फुल्यांशी नातं होतं. मंडळाकडे तलाक मिळालेल्या बायका येऊ लागल्या. बहिणीचा तोंडी तलाक डोळ्यांदेखत पाहिलेले पुण्याचे सय्यदभाईही दलवाईंसोबत आले आणि शेवटपर्यंत या कामात राहिले. डिसेंबर १९७१ मध्ये पुण्यात मुस्लिम महिलांची परिषदही भरली.

आता मूळ वाद समजून घेऊ. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातलं सोळावं कलम सांगतं की लग्नात आणि लग्न मोडताना स्त्री-पुरुषांचे हक्क समान. त्या मतदानात सौदी अरेबिया तटस्थ राहिला, तर पाकिस्तानने बाजूने मत दिलं. म्हणजे मुस्लिम देशांतही तेव्हापासून एकमत नव्हतं.

ढोबळमानाने तीन वाटा दिसतात. पहिली, हक्क शरियतच्या चौकटीत बसवायचे. इस्लामी देशांच्या संघटनेने १९९० मध्ये कैरोत केलेला जाहीरनामा या वाटेचा. दुसरी, कुराणाचा नवा अर्थ लावून त्यातूनच समता मांडायची. असगर अली इंजिनिअर यांनी हे काम केलं. तिसरी वाट दलवाईंची. श्रद्धा ज्याची त्याची, पण नागरिकाचे हक्क धर्मग्रंथाने नव्हे, तर सगळ्यांना सारख्या कायद्याने ठरावेत.

या भूमिकेची किंमत त्यांनी मोजली. सभा उधळल्या गेल्या, धर्मद्रोही म्हणून हिणवलं गेलं. समाजाबाहेर उभं राहून समाज बदलत नाही, असा आक्षेपही सुधारणा हव्या असणाऱ्यांकडून आला. दुसरीकडे, हिंदू जमातवादावरही ते तितकीच टीका करत, त्यामुळे त्यांना आयतं वापरणंही कुणाला सोपं नव्हतं.

३ मे १९७७ रोजी मूत्रपिंडाच्या आजाराने ते गेले. वय अवघं ४४. त्यांच्या इच्छेनुसार कोणताही धार्मिक विधी न करता दहन झालं.

पुढे १९९३ मध्ये भारताने महिलांविरुद्धचा भेदभाव संपवण्याचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला, पण एक अट घालून. कोणत्याही समाजाच्या खासगी बाबींत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय सरकार हात घालणार नाही. पण समाजाची संमती म्हणजे नेमकी कुणाची? तलाक देणाऱ्याची की तलाक मिळालेलीची?

२२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिला जाणारा तिहेरी तलाक ३ विरुद्ध २ मतांनी रद्द ठरवला. निकाल ज्या खटल्यात लागला, त्यात दाद मागणाऱ्या मुस्लिम महिलाच होत्या. सातजणींच्या मोर्चाला तेव्हा ५१ वर्षं झाली होती.