स्तन वाचवू पाहणारा सर्जन

स्तनाचा कर्करोग म्हटलं की पूर्ण स्तन काढावा लागणार, ही धास्ती आजही अनेक घरांत असते. प्रत्यक्षात आजार लवकर सापडला, तर बऱ्याच जणींना फक्त गाठ काढून उरलेल्या स्तनाला रेडिएशन देणं पुरतं. ही वाट शंभर वर्षांपूर्वी धरणाऱ्यांपैकी एक होते लंडनचे सर्जन सर जेफ्री केन्स.

१८८७ मध्ये केंब्रिजला जन्मलेले जेफ्री हे अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांचे धाकटे भाऊ. पहिल्या महायुद्धात लष्करी डॉक्टर असताना त्यांनी जखमींना रक्त देण्याचं तंत्र आत्मसात केलं आणि १९२२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं.

त्या काळी अमेरिकी सर्जन हॉलस्टेड यांची पद्धत प्रमाण मानली जाई. स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असं सगळंच काढून टाकत. अनेकींचा हात कायमचा सुजलेला राही. केन्स यांनी सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात आधी शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या रुग्णांच्या स्तनात रेडियमच्या सुया बसवल्या. गाठी आक्रसल्या. मग त्यांनी सुरुवातीच्या टप्प्यातल्या आजारावरही तोच उपचार केला. १९३७ मध्ये त्यांनी मांडलेले निकाल मोठ्या शस्त्रक्रियेच्या तोडीचे होते. तरी बहुतेक सर्जननी ते मनावर घेतले नाहीत आणि दुसऱ्या महायुद्धात हे काम मागे पडलं.

रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे आणि दोन उपचार ताडून पाहायचे, अशी चाचणी केन्स यांनी केलेली नव्हती. ती पुढे इटलीत उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी केली. मिलानचे निकाल १९८१ मध्ये आले. पुढच्याच वर्षी, वयाच्या ९५ व्या वर्षी, केन्स वारले.

त्यानंतरचा प्रश्न होता दिवसांचा. पूर्वी रेडिएशन पाच आठवडे, २५ वेळा घ्यावं लागे. ब्रिटनमधल्या चाचण्यांनी तीन आठवड्यांत १५ वेळा पुरतं हे दाखवलं. २०२० मध्ये आलेल्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीत एका आठवड्यात पाचच वेळा रेडिएशन दिलं गेलं. पाच वर्षांनंतरही त्याच स्तनात आजार उलटण्याचं प्रमाण तीन आठवड्यांच्या उपचारापेक्षा जास्त नव्हतं. यात रोजची मात्रा मोठी असते, एकूण मात्रा मात्र कमी. म्हणजे दिवस कमी झाले तरी उपचार अर्धवट राहत नाही.

रहाटणीतून चाकणला शिफ्टला जाणाऱ्या बाईसाठी २५ फेऱ्या आणि पाच फेऱ्या यांत मोठा फरक आहे: खाडे, पगार, मुलांची शाळा. रोजचं येणं-जाणं झेपणार नाही, म्हणून स्तनच काढून टाका, असा निर्णय कुणी घेऊ नये. छोटा कोर्स प्रत्येकीला चालतोच असं नाही. आजाराचा टप्पा, काखेतल्या गाठी यांवर ते ठरतं. म्हणून शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत: फक्त गाठ काढून भागेल का, आणि रेडिएशन किती दिवस लागेल?