सूर्यनमस्कारांचे व्रती : औंधचे भवानराव

औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. तारुण्यात त्यांनी युजेन सँडो या युरोपीय बलोपासकाच्या पद्धतीने व्यायाम केला. पुढे सूर्यनमस्कार हेच नित्यव्रत मानले. १९०९ मध्ये गादीवर आल्यावर त्यांनी संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले. श्वास व मंत्रोच्चार यांची जोड असलेल्या या व्यायामास साधने लागत नसत, की पैसा; म्हणून गरीब शेतकऱ्याचे मूलही त्यास मुकत नसे. मुलांना घालून दिलेला नेम राजांनी स्वतः वार्धक्यातही पाळला. १९३९ मध्ये त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविला. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी ते निवर्तले. शाळाशाळांतून आज घातले जाणारे सूर्यनमस्कार त्यांचे ऋण सांगतात.