उंदरांच्या पिंजऱ्यापासून कॅन्सरचा माग काढणाऱ्या डॉ. कमल रणदिवे

परभणी जिल्ह्यात घरात कुणाला कॅन्सर निघाला की अनेकांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते टाटाचं. रात्री देवगिरी एक्स्प्रेस पकडायची आणि सकाळी मुंबईत उतरून परळ गाठायचं. रिपोर्टची फाईल घेऊन रांगेत बसलेल्या या माणसांपैकी फार थोड्यांना माहीत असतं, की याच परळमध्ये एका मराठी बाईनं कॅन्सर मुळात होतो कसा, हे शोधण्यात आयुष्य घालवलं. त्यांचं नाव डॉ. कमल रणदिवे.

त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्यातल्या समर्थांच्या घरातला. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी त्यांची इच्छा होती. हुजूरपागेत शिकलेल्या कमलनं मात्र वेगळी वाट धरली. फर्ग्युसनमधून पदवी घेतली, कृषी महाविद्यालयातून सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर एम.एस्सी. केलं. १९३९ मध्ये लग्न झालं तेही गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी.

लग्नानंतर त्या मुंबईत आल्या. टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं होतं आणि तिथे डॉ. वसंत खानोलकर प्रयोगशाळा उभारत होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलताईंनी १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली. अभ्यास होता उंदरांचा. काही वंशाच्या उंदरांमध्ये स्तनांचा कॅन्सर सर्रास होतो, काहींमध्ये क्वचितच. असं का? आनुवंशिकता, हार्मोन्स आणि विषाणू यांचा एकमेकांशी काय संबंध, याचा शोध त्या पुढे कित्येक वर्षं घेत राहिल्या.

मग फेलोशिप घेऊन त्या अमेरिकेला, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी वाढवण्याच्या तंत्रात गाय यांचा हातखंडा होता. जगप्रसिद्ध हेला पेशी त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या. हे तंत्र शिकून कमलताई भारतात परतल्या आणि १९५२ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. १९६६ ते १९७० या काळात त्या संस्थेची धुराही त्यांनी सांभाळली.

भांड्यातल्या पेशीला अन्न सभोवतालच्या द्रवातून मिळतं. शरीरातल्या गाठीचं काय? बोस्टनचे सर्जन जूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं, की एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठं व्हायचं तर गाठीला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात. गाठ त्यासाठी व्हीईजीएफसारखी प्रथिनं सोडते, आणि आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फुटतात. शरीराकडे याला ब्रेकही आहेत. थ्रॉम्बोस्पॉन्डिन नावाचं प्रथिन रक्तवाहिनीच्या पेशीवरच्या एका प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि तिची वाढ रोखतं. कोलॅजनचा एक तुकडा, म्हणजे एंडोस्टॅटिन, हाही असाच एक ब्रेक.

१९९०च्या दशकात एंडोस्टॅटिननं उंदरांमधल्या गाठी आक्रसल्या, तेव्हा जगभर आशा पालवली. माणसांवरच्या चाचण्यांत मात्र तसा गुण आला नाही. व्हीईजीएफला अडवणारं बेव्हॅसिझुमॅब हे औषध अमेरिकेत २००४ मध्ये मंजूर झालं, तेही केमोथेरपीच्या जोडीनं द्यायचं म्हणून. उंदीर ते माणूस हे अंतर किती मोठं आहे, ते इथे कळतं. कमलताईंचं काम रक्तवाहिन्यांवरचं नव्हतं. पण उंदराच्या पिंजऱ्यापासून पेशंटच्या खाटेपर्यंतचा रस्ता चालायचा, तर आधी असे पिंजरे, अशा प्रयोगशाळा आणि ते काम येणारी माणसं देशात असावी लागतात. ती त्यांनी घडवली.

कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी संशोधन केलं. १९७३ मध्ये सहकाऱ्यांसोबत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली, आज तिचं काम वाशीतून चालतं. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाला. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात जाऊन त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला, गावातल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं.

११ एप्रिल २००१ रोजी त्यांचं निधन झालं. त्या ज्या संस्थेत राबल्या, तिचं काम आज खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये सुरू आहे. परभणीहून निघालेला पेशंट आता तिथेही उपचारासाठी पोहोचतो.