छापखाना सुटला आणि वाटाणा उगवला: फाळक्यांचा टाइमलॅप्स

मार्चमध्ये माझी नोकरी गेली. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, आणि संध्याकाळपर्यंत लॅपटॉपचं लॉगिन बंद. मग दोन महिने नुसते नकाराचे ईमेल. रिकाम्या वेळात फोनच्या कॅमेऱ्यातला टाइमलॅप्स मोड चाळत बसलो होतो. त्याबद्दल वाचता वाचता दादासाहेब फाळक्यांपर्यंत पोचलो.

फाळके म्हटलं की आपल्याला पुरस्कार आठवतो. पण हा माणूस चाळिशीच्या आसपास चक्क बेकार झाला होता. जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, बडोद्याचं कलाभवन, गोध्र्यात फोटो स्टुडिओ, मग पुरातत्त्व खात्यात नोकरी. ती सोडून छापखाना काढला, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स. तो नावारूपाला आला आणि भागीदारांशी बिनसलं. स्वतः उभ्या केलेल्या धंद्यातून बाहेर! माझी त्यांच्याशी बरोबरी नाही, पण घरी सांगायचं कसं, हा प्रश्न तोच असणार.

१९११ मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. आपल्या देवादिकांच्या गोष्टी अशा पडद्यावर दिसाव्यात, हे तिथंच डोक्यात बसलं. मग सतत सिनेमे बघून आणि जागरणं करून काही काळ दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या सुरुवातीला ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिलं आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मागवला.

आता पैसे कोण देणार? आपण याला डेमो म्हणतो. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी पक्का बसवला आणि ठरावीक वेळाने थोडी थोडी फिल्म घेत राहिले, महिनाभराहून जास्त. फिल्म नेहमीच्या वेगानं चालवली की अंकुर डोळ्यांदेखत वर येतो. तुमच्या फोनमध्ये हेच होतं: काही सेकंदांनी एक फ्रेम घ्यायची आणि त्या सेकंदाला तीस या वेगानं दाखवायच्या. फरक एवढाच, की त्यांना रील धुतल्याशिवाय काही दिसत नव्हतं. चुकलं तर महिना गेला, पुन्हा पेरा.

ही फिल्म पाहून भांडवल मिळालं. तरी नकार संपले नाहीत. तारामतीच्या भूमिकेला एकही बाई तयार होईना. शेवटी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी ती केली. कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं काम पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसून करायच्या. सिनेमाच्या इतिहासात हे नाव आणखी मोठ्या अक्षरात हवं, असं माझं मत. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

पुढे हिंदुस्तान फिल्म कंपनीतूनही ते भागीदारांशी न पटून बाहेर पडले, काशीला गेले, आणि परत येऊन पुन्हा चित्रपट काढू लागले.

मी बाल्कनीत मेथी पेरलीय. पहिला टाइमलॅप्स वाया गेला, रात्री चार्जर निघाला होता. काल दुसरा लावला.