कमलाबाई निंबकर: व्यवसायोपचाराचा पाया

जन्माने अमेरिकन असलेल्या एलिझाबेथ लंडी विष्णू निंबकरांशी विवाह करून भारतात आल्या आणि कमलाबाई झाल्या. चाळिशी उलटल्यावर त्यांनी पुन्हा अमेरिकेत जाऊन व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले. दुखणे बरे झाले तरी रोजची कामे जमली नाहीत, तर माणूस परावलंबीच राहतो, हे जाणून १९५० मध्ये त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाची शाळा काढली. भारतातील ही पहिलीच शाळा. १९७९ मध्ये त्यांचे निधन झाले. आज पेन्सिल धरायला शिकणारे मूल, अपघातानंतर कामावर परतणारा तरुण आणि पक्षाघातानंतर स्वतःच्या हाताने जेवणाऱ्या आजी, या साऱ्यांच्या मदतीला येणाऱ्या उपचाराची वाट त्यांनीच इथे घालून दिली.