वादक जिमी हेंड्रिक्स

विजेवर चालणारी गिटार वाजविणारे आमचे विद्यार्थी नाद पालटणाऱ्या पेडलांविषयीं हौसेनें बोलतात. परंतु त्या पेडलांची सांखळी कशी जोडावी हें ज्याच्या वादनावरून शिकतां येतें, त्याचें चरित्र थोड्यांनाच ठाऊक असतें. म्हणून तें येथें संक्षेपानें देत आहों.

जिमी हेंड्रिक्स याचा जन्म अमेरिकेंतील सिॲटल शहरीं ता. २७ नोव्हेंबर १९४२ रोजीं एका कृष्णवर्णी कुटुंबांत झाला. घरीं दारिद्र्य होतें, आईबापांचा संसार मोडला होता, आणि सन १९५८ मध्यें आई वारली. त्याच्या हातीं प्रथम आलें तें एकच तार उरलेलें, कोणीं टाकून दिलेलें युकुलेली नांवाचें लहानसें वाद्य. पुढें पांच डॉलरांत एक जुनी गिटार मिळाली. तो डावखुरा असल्यामुळें उजव्या हाताची गिटार उलटी धरून तिच्या तारा फिरवून बसवी. स्वरलिपि त्याला वाचतां येत नसे. कान हाच त्याचा गुरु.

चोरीच्या मोटारींतून फिरतांना पकडला गेल्यावर तुरुंग टाळण्यासाठीं तो सन १९६१ मध्यें सैन्यांत शिरला व पुढील वर्षीं बाहेर पडला. नंतर कांहीं वर्षें त्यानें लिट्ल रिचर्ड, आयस्ली बंधु इत्यादि गायकांच्या मागें उभें राहून साथ केली. सन १९६६ मध्यें चॅस चँडलर यानें त्याला लंडनला नेलें, आणि थोड्याच महिन्यांत त्याचें नांव सर्वतोमुखीं झालें.

तेथें रॉजर मेयर या तंत्रज्ञाशीं त्याची गांठ पडली. मेयरनें आरमारी खात्यांत कंपनांचा अभ्यास केलेला होता. त्यानें बनविलेली ऑक्टेव्हिया नांवाची पेटी मूळ स्वरांत वरच्या सप्तकांतील स्वर मिसळते; सन १९६७ च्या ‘पर्पल हेझ’ या गीतांत ती ऐकूं येते.

ता. १८ ऑगस्ट १९६९ रोजीं सकाळीं वुडस्टॉकच्या मेळ्यांत त्यानें आपल्या देशाचें राष्ट्रगीत शब्दांवांचून गिटारवर वाजविलें. व्हिएतनामचें युद्ध तेव्हां चालू होतें, आणि त्या सुरांतून स्फोटांचा भास होत होता. त्या दिवशींची सांखळी अशी होती: गिटार, नंतर वाह-वाह, नंतर फझ फेस, नंतर युनि-व्हाइब, शेवटीं मार्शलचा ध्वनिवर्धक. वाह-वाह पायाच्या हालचालीनें स्वराचा कांहीं भाग उठावदार करतो. फझ स्वर फाडून त्यांत नवे उपस्वर भरतो. युनि-व्हाइब त्या सर्वांना हेलकावे देतो. वाह आधीं असल्यास फझ त्याच्या रंगाला धार देतो. तोच मागें गेल्यास फझचा भरलेला सबंध नाद तो उघडतो व मिटतो. वस्तु त्याच, पण क्रम बदलतांच फळ बदलतें. फझ फेस मात्र गिटारला जवळ असल्यास बरा. कारण गिटारचा आवाज किंचित् कमी करतांच तो निवळतो.

हल्लींचा लूपर त्याच्यापाशीं नव्हता. नादाचे थर तो ध्वनिमुद्रणगृहांत फितीवर चढवी. आमच्या विद्यार्थ्यांनीं लूपर बहुधा सांखळीच्या शेवटीं ठेवावा. मग मागील पेडलें बदललीं तरी आधीं नोंदलेला थर जसाच्या तसा राहतो. परंतु चूक नोंदली गेली, तर तीहि तितक्याच निष्ठेनें फिरून फिरून ऐकूं येते.

सन १९७० च्या ऑगस्टांत न्यूयॉर्क येथें त्याचें स्वतःचें ध्वनिमुद्रणगृह उघडलें. पुढच्याच महिन्यांत, ता. १८ सप्टेंबर रोजीं, झोपेच्या गोळ्यांचा अतिरेक होऊन तो लंडनमध्यें मरण पावला. वय अवघें २७ वर्षांचें. नादांचा क्रम ज्याला इतका अचूक साधला, त्याला दिवसरात्रीचा क्रम साधला नाहीं, ही खेदाची गोष्ट होय. बालमित्रांनो, त्याच्यापासून कान व कष्ट हे दोन्ही घ्या. आणि पालकांनीं पेडल घेऊन देतांना मुलांची झोप व सोबतहि पाहावी, इतकेंच आम्हांस सुचवावयाचें आहे.